आठ चौरंग, एक पार्किंग: घरगुती सुतारखोलीतील वेळेचा हिशेब

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, दहा फूट रुंद आणि सोळा फूट खोल जागेत, एका निवृत्त अभियंत्यांनी हौसेखातर सुतारखोली उभी केली आहे. त्यांची सारी नोकरी पिंपरी-चिंचवडमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात, गेली. खोलीत एक टेबल सॉ (टेबलात बसवलेली यांत्रिक करवत), एक राउटर (खाचा-खोबणी पाडणारे यंत्र), ड्रिल, सँडर (घासकामाचे यंत्र), शिकंजा बसवलेला ओटा आणि वडिलोपार्जित रंधे व पटाश्या असा संच आहे. नातेवाइकांसाठी गौरी-गणपतीपूर्वी सागवानी चौरंग करून देण्याचा त्यांचा परिपाठ आहे. एरवी दोन-तीन चौरंगांची मागणी असे, त्या वर्षी ती आठांवर गेली. एका चौरंगाला जवळजवळ पंधरवडा लागत असल्याने जुन्या पद्धतीने हे काम दिवाळीपर्यंतही संपले नसते, आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थी तर कोणासाठी पुढे ढकलली जात नाही. त्या पेचातून त्यांनी कामाची रीत कशी बदलली, त्यांतले काय टिकले आणि काय सोडून द्यावे लागले, याची ही नोंद आहे.

त्यांचा पहिला विचार बहुतेक हौशी माणसांचा असतो तोच होता, म्हणजे अधिक ताकदीची यंत्रे घ्यावीत. परंतु खरेदीपूर्वी त्यांनी एक चौरंग नेहमीच्या पद्धतीने पूर्ण केला आणि तो करताना भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे वेळेची ढोबळ नोंद ठेवली. लाकडाला पाते किंवा धार प्रत्यक्ष लागलेली असण्याचा वेळ, यंत्र जुळवण्याचा वेळ, वस्तू शोधण्याचा आणि हलवण्याचा वेळ, आणि सरस किंवा पॉलिश वाळण्याची वाट पाहण्याचा वेळ, असे चार रकाने होते. सर्वांत लहान रकाना पहिलाच निघाला. नवे यंत्र घेतले असते, तर ते याच रकान्यातील काही मिनिटे वाचवण्यासाठी आले असते. खरेदी तेथेच थांबली.

जुळवणीचे गणित

चौरंगाची घडण साधी आहे. दोन इंच चौकोनी आणि बारा इंच उंचीचे चार पाय, अडीच इंच रुंद आणि एक इंच जाडीच्या चार पट्ट्या, आणि वर अठरा इंच चौरस फळी. पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ, म्हणजे कुसू, पायातल्या खाचेत बसते. म्हणजे आठ चौरंगांसाठी ३२ पाय, ३२ पट्ट्या, ६४ कुसू आणि ६४ खाचा. टेबल सॉवर पायांचे उभे कापणे, पायांची लांबी, पट्ट्यांचे उभे कापणे, पट्ट्यांची लांबी, कुसवाचा खांदा (पट्टी पायाला टेकते ती कड), कुसवाचा गाल (कुसवाची सपाट बाजू) आणि पायांचा उतार अशा सात वेगवेगळ्या जुळवण्या लागतात. एकेक चौरंग पूर्ण करत गेले, तर ५६ वेळा यंत्र जुळवावे लागते. प्रत्येक जुळवणीत मोजणे, गाइड (लाकूड टेकवायची सरळ कड) सरकवणे, रद्दी तुकड्यावर चाचणी घेणे आणि पुन्हा सरकवणे यांत दहा मिनिटे धरली, तरी हा आकडा साडेनऊ तासांच्या जवळ पोहोचतो. सर्व नगांचे एक-एक टप्पे एकत्र केले, तर हेच काम सात जुळवण्यांत, म्हणजे सत्तर मिनिटांत आटोपते.

कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे नवीन नव्हते. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा साचा बदलण्याचा वेळ चार तासांवरून अखेरीस तीन मिनिटांवर आणला. त्यामागची कल्पना सोपी होती: यंत्र बंद असतानाच करावी लागणारी कामे आणि ते चालू असताना बाजूला उरकता येणारी कामे वेगळी काढायची, आणि जितकी पहिल्या गटातून दुसऱ्यात ढकलता येतील तितकी ढकलायची. घरगुती सुतारखोलीत मात्र यंत्र चालवणारा आणि बाजूची तयारी करणारा माणूस एकच असतो, त्यामुळे ही कल्पना जशीच्या तशी बसत नाही. एका बाजूने यंत्र चालू आहे आणि दुसऱ्या बाजूने तयारी चालली आहे, असे एकट्याच्या बाबतीत घडतच नाही.

ती बसली ती पुण्याच्या दुपारमुळे. सोसायटीत दुपारी एक ते चार यंत्रे बंद ठेवण्याचा संकेत आहे, आणि पुण्यात तो मोडण्याची हिंमत सुताराने काय, कोणीच करू नये. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असते आणि टेबल सॉ सहज शंभरीच्या आसपास जातो, त्यामुळे दार लोटूनही शेजाऱ्यांची समजूत हाच खरा आधार असतो. आधी हे तीन तास त्यांना वाया गेल्यासारखे वाटत. नव्या पद्धतीत सकाळी दहा ते एक यंत्रावरचे काम, आणि दुपारी संध्याकाळच्या जुळवणीची तयारी, खुणा, पटाश्यांना धार, हातरंधा आणि सरसाची जोडणी अशी विभागणी झाली. चार वाजता यंत्र सुरू करताना पाते बदललेले, गाइड जुळवलेला आणि कापायचे तुकडे क्रमाने क्रेटमध्ये लावलेले असत. महावितरणच्या देखभालीमुळे गुरुवारी वीज जाण्याचा धोका असतो, म्हणून तो वार हातकामासाठी राखून ठेवला. यंत्रांचा वेळ मर्यादित आहे हे एकदा मान्य केल्यावर तो वेळ केवळ कापण्यासाठीच वापरायचा, हे ठरवणे सोपे झाले. या प्रकरणातील सर्वांत मोठी बचत येथे झाली असे माझे मत आहे, आणि तिला एक रुपयाही लागला नाही.

माप, खूण आणि मिस्त्री

मापांचा गोंधळ हा आपल्याकडील घरगुती कामाचा खास आजार आहे. मिस्त्री सुतांत बोलतो, प्लाय मिलिमीटरमध्ये येते, राउटरची काही पाती इंचात आणि काही मिलिमीटरमध्ये असतात, आणि टेबल सॉची पट्टी दोन्ही दाखवते. इंचाचे आठ सूत, म्हणजे तीन सुतांची खाच साडेनऊ मिलिमीटरची होते, आणि हाताशी असलेले पाते दहा मिलिमीटरचे असते. सुताच्या मापाने काढलेले कुसू त्या खाचेत खुळखुळते आणि मग सरसाला भरणाचे काम करावे लागते, जे त्याचे काम नव्हे.

शेजारच्या घरात स्वयंपाकघराचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींनी ही धडपड पाहून सांगितले, “काका, टेप ठेवून द्या. आधी खाच पाडा, मग त्या खाचेवरूनच कुसवाची खूण घ्या.” अभियंत्यांनी विचारले, “मिस्त्री, आणि लांबी?” उत्तर आले, “लांबीला एक पट्टी करा, तिच्यावर सगळ्या खुणा मारा, आणि तीच सगळ्यांना लावा.” टूलरूमच्या भाषेत हा फर्माच, म्हणजे मापांचा कायमचा नमुना. दीड फुटाच्या सागवानी पट्टीवर एका कडेला पायाच्या उंचीच्या आणि खाचांच्या खुणा, दुसऱ्या कडेला पट्टीच्या लांबीच्या आणि खांद्यांच्या खुणा कोरल्या गेल्या, आणि त्यानंतर आठही चौरंगांत टेपचा उपयोग फक्त लाकूड विकत घेताना झाला. लांबी कापण्यासाठी टेबल सॉवर सरकती पाटी करून तिच्यावर अडणी (तुकडा ठरल्या मापाला अडवणारा ठोकळा) बसवली. अडणी पाटीवरच असावी आणि तुकडा आडवा कापताना गाइडला टेकवून कापू नये, कारण पाते आणि गाइड यांच्यात अडकलेला तुकडा जोरात उलट फेकला जातो. वेगाने काम करताना नेमकी हीच चूक होते, म्हणून ही सूचना येथे विस्ताराने दिली आहे.

पहिला नग पूर्ण तपासल्याशिवाय पुढचा कापायचा नाही, ही कारखान्याची शिस्तही उपयोगी पडली. गटाने काम करण्याचा धोका असा की एक चूक ६४ वेळा होते. प्रत्येक टप्प्यावर पहिला तुकडा नमुना चौरंगाला लावून पाहिल्याशिवाय बाकीच्यांना हात लावला जात नसे. तरीही दोन पायांच्या खाचा वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाला पडल्या. वरच्या टोकावर त्रिकोणी खूण करण्याची पद्धत त्यांनी त्यानंतर सुरू केली. सुदैवाने ३२ ऐवजी ३४ पाय कापून ठेवलेले होते. त्याच जुळवणीत दोन जादा तुकडे कापायला दोन मिनिटे लागतात, नंतर एकच तुकडा पुन्हा काढायचा झाला तर सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते.

पावसाळ्यातील सागवान

लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आले. निव्वळ हिशेब सुमारे तीन घनफुटांचा होता, परंतु गाठी, सालीलगतचा पांढरा कच्चा भाग, पात्याने खाल्लेले प्रत्येक कापाचे तीन मिलिमीटर आणि रंध्याचा भुसा धरून सव्वाचार घनफूट घेतले गेले. विक्रेत्याने “सुकलेला माल” म्हटले तरी ओलावामापक लावून पाहावे, कारण वखारीतली सुकलेली वस्तू आणि घरातली सुकलेली वस्तू यांत फरक असतो.

हा फरक गटाने काम करताना जास्त जाणवतो. हवेत ८० टक्के आर्द्रता टिकली की लाकडातील ओलावा १५-१६ टक्क्यांकडे सरकतो, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात तो ८ टक्क्यांवर किंवा त्याखालीही येऊ शकतो. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमी हलते, तरीही सपाट चिरलेल्या फळीत ओलाव्याच्या दर टक्क्यामागे आडव्या रुंदीचा सुमारे ०.१९ टक्के फरक पडतो. अठरा इंची फळीत सात टक्क्यांच्या फरकाचा अर्थ सहा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन सूत. श्रावणात चौकटीला चारी बाजूंनी घट्ट चिकटवलेली फळी चैत्रात फाटणारच. पूर्वीच्या दोन चौरंगांच्या फळ्या अशाच तडकल्या होत्या आणि त्यांची दुरुस्ती दरवर्षी काही दिवस खात होती. दुरुस्तीसाठी परत येणारी वस्तू वेळेच्या हिशेबात धरली पाहिजे, असे मला वाटते, कारण हौशी माणूस ती कधीच धरत नाही. आता फळी चौकटीच्या आतल्या खोबणीत सरकणाऱ्या लहान लाकडी गुटक्यांनी बसवली जाते, त्यामुळे तिला फुगायला आणि आकसायला जागा मिळते.

सर्व कुसू एकदम काढायचे, हा मूळ बेतही याच कारणाने बदलला. चिरलेले लाकूड आतल्या ताणामुळे काही दिवस वाकत राहते. म्हणून पाय आणि पट्ट्या दोन सूत जादा ठेवून एकाच वेळी कापल्या, मधे पातळ पट्ट्या घालून घरातल्या कोरड्या खोलीत रचल्या, आणि काही दिवसांनी अंतिम मापाला आणल्या. कुसू मात्र चार-चार चौरंगांच्या दोन गटांत काढले आणि त्या-त्या गटाची जोडणी लगेच केली, कारण कुसवाच्या जाडीत एका मिलिमीटरचा दहावा भाग बदलला तरी बसणीतला फरक हाताला कळतो. त्यामुळे सात जुळवण्यांऐवजी नऊ झाल्या. ही दोन जुळवण्यांची किंमत मोजण्यासारखी होती. शिवाय ६४ कुसू सलग काढताना लक्ष उडते, आणि पात्याजवळ लक्ष उडणे परवडत नाही.

क्लॅम्प, पाचरी आणि वाळण्याची वाट

वेळेच्या नोंदीतला सर्वांत मोठा रकाना वाट पाहण्याचा होता. खोलीत लांब क्लॅम्प (सरस वाळेपर्यंत जोड दाबून धरणारे शिकंजे) सहाच होते. एक चौकट जोडायला चार लागत, उरलेल्या दोहोंत अठरा इंची फळी नीट दाबली जात नसे, आणि पावसाळ्यात पांढरा सरस पकडायला जास्त वेळ घेतो. परिणामी क्लॅम्प मोकळे होईपर्यंत सगळे काम अडून राहत असे. येथे पैसे खर्च करणे योग्य ठरले असते, परंतु बोहरी आळीच्या हत्यारबाजारात चौकशी केल्यावर मिस्त्रींनी पुन्हा फुकटातला मार्ग दाखवला. जाड प्लायच्या तुकड्यावर समांतर दोन पट्ट्या ठोकायच्या, त्यांच्यामध्ये फळीचे तुकडे सरस लावून ठेवायचे, आणि उरलेल्या फटीत समोरासमोर दोन पाचरी हलक्या मोगरीने ठोकायच्या. पाचरींचा दाब क्लॅम्पपेक्षा कमी पडत नाही. फळी वर उचलली जाऊ नये म्हणून वरून एक वजनदार ओंडका ठेवावा लागतो, आणि सरस प्लायला चिकटू नये म्हणून खाली वर्तमानपत्राऐवजी प्लॅस्टिकचा कागद घालावा लागतो. अशा चार पाट्या केल्यावर चार फळ्या एकाच दुपारी दाबाखाली गेल्या आणि सहाही क्लॅम्प चौकटींसाठी मोकळे राहिले.

जोडणीची वेळही बदलली. पूर्वी सरस सकाळी लावला जाई आणि ओटा दिवसभर अडकून पडे. आता तो दुपारच्या शांत वेळेच्या शेवटी आणि रात्री काम आवरताना लावला जातो, म्हणजे तो वाळत असताना माणूस एकतर यंत्रावर असतो किंवा झोपलेला असतो.

पॉलिशबाबत थोडक्यात. लाखेचे पॉलिश पावसाळी हवेत पांढरट पडते आणि पूजेच्या पाण्याने खराबही होते, म्हणून पॉलियुरेथेन निवडले. ते हळू वाळते, तेव्हा फळीची दोन्ही अंगे एकाच दिवशी रंगवता यावीत यासाठी खिळ्यांची टोके वर आलेल्या पाट्या केल्या आणि फळ्या त्यांवर टेकवल्या. खालचे अंगही रंगवल्याने ओलावा दोन्ही बाजूंनी सारख्याच वेगाने आत-बाहेर होतो आणि फळी वाकत नाही.

जागेची मांडणी: काय टिकले, काय नाही

आठ फुटी फळी उभी कापायची, तर पात्याच्या मागे-पुढे मिळून सोळा फूट लागतात, आणि खोली तेवढीच खोल आहे. म्हणून टेबल सॉ चाकांच्या चौकटीवर बसवून दाराच्या दिशेने वळवला आणि लांब कामात फळीचे टोक उघड्या दारातून बाहेर जाऊ दिले. ओट्याची उंची टेबल सॉइतकीच केल्याने कापलेला तुकडा आपोआप ओट्यावर सरकतो आणि तोल सांभाळायला दुसऱ्या माणसाची गरज राहत नाही. हे बदल टिकले.

भिंतीवरचा हत्यारांचा फलक मात्र टिकला नाही. प्रत्येक पटाशीची आकृती रंगवून तिची जागा ठरवण्यात बराच वेळ गेला, आणि मग लक्षात आले की तो फलक ओट्यापासून चार पावलांवर आहे. कारखान्यात अशा फलकामुळे एखादे हत्यार नसल्याचे पाळी बदलताना चटकन दिसते, ते महत्त्वाचे असते, कारण तेथे वापरणारे अनेक असतात. एकट्याच्या खोलीत हत्यार नेमके कोठे असावे, तर जेथे ते लागते तेथे. फलक आता फोटोत छान दिसतो, आणि रोज लागणारी हत्यारे ओट्याखालच्या एका सरकत्या गाड्यावर असतात. ज्याचे काम चालू आहे त्या टप्प्याची हत्यारेच वरच्या ताटात, बाकीची खाली. उरलेल्या तुकड्यांसाठीही नियम झाला: एक वीत लांबीपेक्षा लहान तुकडा ठेवायचा नाही. तो गावाकडच्या घरातील पाण्याच्या बंबासाठी जातो. हा नियम पाळणे अभियंत्यांना सर्वांत कठीण गेले, कारण सागवानाचा तुकडा टाकवत नाही.

भुशाचा प्रश्न अर्धवट सुटला आहे. लाकडाची धूळ १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, आणि पावसामुळे दार बंद असले की सँडरची बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते. सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडली जाते, टेबल सॉच्या खालची पेटी मात्र अजून हातानेच रिकामी होते. कामाचा वेग वाढल्याने धूळही त्याच प्रमाणात वाढली आणि आठ चौरंगांच्या काळात मास्क रोज लागला. या खोलीत पुढचा खर्च करायचा असेल, तर तो धूळ ओढणाऱ्या यंत्रावर व्हावा असे मला वाटते, दुसऱ्या कापणाऱ्या यंत्रावर नव्हे.

आठही चौरंग चतुर्थीच्या आधी पोहोचले, शेवटचे दोन पॉलिशचा वास पुरता गेलेला नसताना. दिवाळीनंतर त्यांच्याकडे कोरीव कमान असलेल्या एका देव्हाऱ्याचे काम आले. तेथे गटाच्या गणिताचा काहीही उपयोग झाला नाही, कारण प्रत्येक तुकडा वेगळा होता आणि कोरण्यातला वेळ पटाशीच्याच वेगाने जातो. पाचरींच्या पाट्या, दुपारची विभागणी, खुणांची पट्टी आणि दोन जादा तुकडे कापण्याची सवय मात्र तशीच वापरली गेली. चौरंगांचा फर्मा त्यांनी दाराच्या मागच्या खिळ्याला टांगला आहे आणि त्यावर लाकडाच्या खरेदीसाठी पेन्सिलीने लिहिले आहे: “लाकूड एप्रिलमध्ये.”